तीन साक्षीदार आणि आपण



प्रार्थनासभेत “आज कोणी साक्ष देईल का?” असे विचारले की बहुतेकांच्या माना खाली जातात. “आम्ही जन्मापासून ख्रिस्ती. आमच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय घडले?” असे पुष्कळजण म्हणतात. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातील तीन साक्षी पाहिल्या, तर ही भीती कमी होईल असे आम्हांला वाटते.

पहिली साक्ष आमच्या बेळगावची. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली येथे झाला. येथल्या मिशन शाळेत शिकून ते पुढील शिक्षणासाठी मुंबईला गेले. तेथे ते परमहंस सभेत जाऊ लागले. या सभेचे लोक जातिभेद मानत नसत. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव ते एकत्र बसून खात, पण हे सारे बंद दाराआड. घरी गेले की जुनीच रीत. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे उघड होण्याच्या धास्तीने सभाच मोडली. बाबांनी मात्र त्याआधीच, १८५४ साली, बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला हा प्रवास लिहिला. मन कसे डळमळत होते, पाऊल पुढे टाकायला किती काळ लागला, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, तेव्हा त्यांचे नाव देशोदेशी गाजलेले होते. तरीही त्यांनी स्पष्ट लिहिले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म पटला होता, पण स्वतः ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षे जावी लागली. एवढ्या विदुषीला हे सांगण्याची लाज वाटली नाही. आपण जन्माने ख्रिस्ती असलेल्यांनी यावर थांबून विचार करावा. नाव रजिस्टरात आहे, पण प्रभूची भेट झाली का?

तिसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. एकत्र आल्यावरही सोवळे-ओवळे एकदम सुटले नाही. मन हळूहळू बदलत गेले आणि मग त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यांत नवऱ्याचा विक्षिप्तपणा आहे, रुसवे-फुगवे आहेत, स्वतःची फजिती आहे आणि या सगळ्यांतून काम करणारी देवाची कृपाही आहे. म्हणूनच ख्रिस्ती नसलेली मराठी घरेसुद्धा ते पुस्तक प्रेमाने वाचतात.

या तिघांनी आपली कहाणी सजवली नाही. आपल्या सभांत कधीकधी साक्ष रंगवण्याचा मोह होतो. आधीचा अंधार अधिक काळा करायचा, दुसऱ्याच्या धर्माला नावे ठेवायची, म्हणजे आपला प्रकाश उजळ दिसेल! पण साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगायचे असते. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायातील आंधळा आठवा. परुश्यांच्या प्रश्नांची सगळी उत्तरे त्याच्याकडे नव्हती. आपण आंधळे होतो आणि आता दिसते, एवढे तो ठामपणे सांगत राहिला.

आपल्याजवळही असे काही असतेच. आजारपणात मिळालेला धीर, वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर भावाला केलेली क्षमा, आईच्या रोजच्या प्रार्थनेने टिकलेले घर. उत्तर न मिळालेली प्रार्थनाही सांगावी. ती ऐकून मागच्या बाकावरचा एखादा खचलेला माणूस म्हणेल, “मी एकटा नाही.”

प्रभू आपल्याला खरे बोलण्याचे धैर्य देवो. आमेन.