मीनाचं चित्र कुणी काढलं?



मागच्या महिन्यात अंगणवाडीत आपल्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाल्यावर आम्ही मोबाईलवर एक कार्टून लावलं. त्यात मीना नावाची मुलगी आंबा मिळवते, पण घरात वाटणी होते तेव्हा मोठा वाटा तिच्या भावाला, राजूला. का, तर तो मुलगा, तो जास्त राबतो. मग दोघं एक दिवस कामं बदलून घेतात, आणि संध्याकाळपर्यंत राजूचा जीव मेटाकुटीला येतो. सगळ्या हसल्या. एक आजी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आंब्याचं काय घेऊन बसलात, आमच्याकडं अंडंसुद्धा पोराच्याच ताटात." आणि मग विचारलं, "पण ही पोर काढली कुणी? आपल्याकडचीच दिसते."

आम्हाला तेव्हा सांगता आलं नाही. म्हणून आज सांगतो.

मीनाचे बरेच भाग मुंबईत काढले गेले. आसनगावहून लोकल पकडली की जिथे उतरतो, त्याच मुंबईत. पण त्या स्टुडिओपर्यंत जायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे सिनेमा आणला तो त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवायच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचं रोप वाढताना दाखवलं. पुढे आगकाड्या हलवून त्यांचीही एक फिल्म केली. निर्जीव वस्तू थोडी सरकवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायची: कार्टूनचं मूळ हेच. सरस्वतीबाई फाळक्यांनी त्या फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, अंगावरचे दागिने दिले, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. फाळक्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. सरस्वतीबाईंचं किती जणींनी ऐकलंय?

पुढची मोठी गोष्ट १९५६ची. मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग सुरू झाला. शिकवायला अमेरिकेहून क्लेअर वीक्स आले. डिस्नेकडे काम केलेले, पण जन्म भारतातलाच. त्यांनी इथल्या तरुणांना हाताशी धरून १९५७ साली 'द बनियन डिअर' हा चित्रपट केला. गोष्ट जातकातली. राजाच्या भोजनासाठी रोज एका हरणाने जीव द्यायचा, असं ठरलेलं. एके दिवशी पाळी येते गाभण हरिणीची. ती म्हणते, पोटातलं बाळ जन्मू द्या, मग मी जाते. तेव्हा हरणांचा राजा स्वतःच तिच्या जागी जातो. सरकारी विभागाने पहिल्याच मोठ्या कामाला ही गोष्ट घ्यावी, हे आम्हाला फार आवडलं.

आता काम कसं चालायचं ते ऐका. पडद्यावर एका सेकंदात २४ फोटो सरकतात. एकच चित्र दोनदा वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या गोष्टीला ७,२०० चित्रं. प्रत्येक चित्र आधी पेन्सिलने कागदावर, मग शाईने पारदर्शक तावावर, मग उलट्या बाजूने रंग, मग वाळवण. एक थेंब सांडला की ताव वाया. पापड लाटण्यासारखंच म्हणा, एका हाताने होत नाही.

डिस्नेकडे हे शाईचं आणि रंगाचं काम बायकांचं होतं. १९३८ साली एका मुलीने तिथे अर्ज केला, तर उत्तर आलं की चित्रं रचण्याचं काम तरुण मुलांचं, बायकांनी गिरवायचं आणि रंग भरायचा. वाचून आम्हाला वारली पाड्यांवरचा लग्नाचा चौक आठवला. तो पिढ्यान्‌पिढ्या सवासिणींनी काढला. चित्रं भिंतीवरून कागदावर आली, बाजारात गेली, तेव्हा पहिलं नाव झालं ते पुरुषांचं. त्यांच्या कलेत खोट नाही, पण झालं ते असं.

वीक्स यांच्याकडे शिकलेल्यांत राम मोहन होते. शिक्षण रसायनशास्त्राचं, वय पंचविशीचं. १९६८ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १९७२मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आपल्या गावात टीव्ही यायला अजून अवकाश होता. पुढे आला तेव्हा एका घरात टीव्ही आणि अंगणात अख्खी आळी. तेव्हा पाहिलेलं 'एक अनेक और एकता' आठवतं का? पक्षी जाळ्यासकट उडून जातात ते! ते १९७४ सालचं. दिग्दर्शन विजया मुळे या बाईंचं, चित्रं भीमसैन यांची, संगीत वसंत देसाईंचं, आणि गाणारी लहानगी म्हणजे आपल्या कोकणातली साधना सरगम. बाई दिग्दर्शक होती, हे आम्हालाही आत्ताच कळलं.

मीना आली १९९०नंतर. दक्षिण आशियातल्या देशांनी १९९१ ते २००० हे दशक मुलींसाठी ठरवलं होतं. युनिसेफला अशी एक मुलगी हवी होती जी बांगलादेश, भारत, नेपाळ, पाकिस्तान सगळीकडे आपली वाटेल. मग गावोगावी चित्रं दाखवून विचारलं, चेहरा कसा हवा, कपडे कसे. म्हणून तिला लांब घागरा आणि सैल पोलकं. आजींना ती आपल्याकडची वाटली, ती उगाच नाही. सुरुवातीचे भाग फिलिपिन्समधल्या मनिला शहरात झाले, पुढचे मुंबईत राम मोहन यांच्या स्टुडिओत. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. २०१९मध्ये ते गेले.

मीनाचा एक भाग कोंबड्यांचा आहे. घरकामामुळे तिला शाळेत पाठवत नाहीत. ती मिठू पोपटाला शाळेत धाडते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. कोंबड्या मोजताना एक कमी भरते, चोर सापडतो, आणि बाप शाळेला हो म्हणतो. आमच्या गटातल्या एकीची मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते, धाकट्याला सांभाळायला. सातवी अर्धी राहिली. आंब्याच्या भागाला तिची आई सगळ्यांबरोबर हसली होती. कोंबड्यांचं नाव काढल्यावर मात्र म्हणाली, "तो भाग आम्ही भट्टीवर जायच्या आधी लावा. तिच्या बापालाही आणते."

तर तो भाग येत्या गुरुवारी, दुपारी तीनला, अंगणवाडीत. पोरींनाही आणा. मोबाईल मात्र घरून चार्ज करून आणा, लाईटचा भरवसा नाही.