मेलेल्या मासळीचा पंचनामा

पावसाळा सरता सरता अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर कधी कधी मेलेल्या मासळीचा खच पडतो. मारेकरी कोण, हा वाद जुना आहे. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ मध्ये मलबारच्या अशा घटनांचा दोष पाण्यातील एकपेशीय जीवांवर ठेवला. १९५९ मध्ये 'नेचर'मधील लेखात कॅरदर्स, गोगटे, नायडू व लेवास्तू यांनी वेगळीच दिशा दाखवली. मुंबईजवळ खोल समुद्रातले, प्राणवायू फार कमी असलेले पाणी उतारावरून किनाऱ्याकडे चढत येते, असे त्यांना आढळले.

हे पाणी थंड आणि नायट्रेट-फॉस्फेटने समृद्ध असते. म्हणून वर सूक्ष्म वनस्पती माजतात. त्या मरून तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू संपतो. त्यात पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने झाकणासारखे वर पसरते आणि हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. मग जीवाणू नायट्रेट वापरतात. तेही संपले की सल्फेट, आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे चित्र मांडले. त्याआधी १९९८ मध्ये त्यांनीच कोचीनजवळच्या मोठ्या मत्स्यसंहाराचा संबंध 'लाल भरती'शी जोडला होता. म्हणजे हॉर्नेलही मोडीत निघाले नाहीत. आमच्या मते दर वेळी एकच आरोपी शोधण्याचा हट्ट सोडलेला बरा.

आपल्या धाराशिवकडे समुद्र नाही, पण तलाव आहेत. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तलावात ढगाळ दिवसांत प्रकाशसंश्लेषण मंदावते, श्वसन मात्र रात्रभर चालू राहते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात. लोक विषप्रयोगाचा संशय घेतात आणि दुपारी नमुना घेतात. तोवर उन्हाने प्राणवायू पुन्हा वाढलेला असतो, पुरावा गेलेला असतो!

नमुना सूर्योदयापूर्वीच, शक्यतो तळाजवळचा घ्यावा. बाटली काठोकाठ भरावी, बुडबुडा राहू नये. विंकलर यांच्या १८८८ च्या पद्धतीने तलावाकाठीच मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी पोटॅशियम आयोडाइड घालावे. अवक्षेप तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर तो जवळजवळ नाही.