जगबुडीच्या तारखा आणि ख्रिस्ती परंपरेतील साशंकता

१९ ऑक्टोबर १५३३ रोजी सकाळी आठ वाजता जगाचा अंत होणार, असे जर्मनीतील लोखाऊ गावचा धर्मोपदेशक मिखाएल श्टीफेल याने जाहीर केले होते. अक्षरांना अंकांचे मोल देऊन त्याने बायबलमधून ही वेळ काढली होती. आसपासचे शेतकरी कामधंदा सोडून, होते नव्हते ते खर्चून गावात जमले. आठ वाजून गेले, काहीच घडले नाही. श्टीफेलला अटक झाली, नेमणूकही गेली. त्याचा मित्र मार्टिन ल्यूथर याने त्याला आधीच सावध केले होते. अंत जवळ आला आहे असे ल्यूथरलाही वाटे. पण घटका-पळे सांगणारा हा हिशेब त्याला मान्य नव्हता. पुढे त्याच्याच मध्यस्थीने श्टीफेलला दुसरे गाव मिळाले. आकड्यांची हौस मग त्याने गणितात भागवली. १५४४ मधील त्याचा ‘अरिथ्मेटिका इंटेग्रा’ हा ग्रंथ बीजगणिताच्या इतिहासात मानाचा समजला जातो.

ख्रिस्ताचे द्वितीयागमन हा ख्रिस्ती श्रद्धेचा भाग आहे. साशंकता आहे ती त्याच्या तारखांविषयी, आणि तिचा आधार बायबलच आहे. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही, पुत्रालासुद्धा, ठाऊक नाही, असे मार्कच्या शुभवर्तमानात येशूच सांगतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाची कसोटी तर अधिकच रोखठोक: ज्याचे भाकीत खरे ठरत नाही तो संदेष्टा परमेश्वराच्या वतीने बोललेलाच नसतो. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने जगाची उरलेली वर्षे बोटांवर मोजणाऱ्यांना आवरले. १५१६ मध्ये, पोप दहावा लिओ याच्या कारकिर्दीत, पाचव्या लॅटरन परिषदेने ख्रिस्तविरोधकाच्या आगमनाची निश्चित वेळ प्रवचनांतून सांगण्यास बंदी केली. गंमत अशी, की याच लिओच्या नावातून श्टीफेलने पुढे ६६६ हा श्वापदाचा अंक काढून दाखवला!

बंदीने मोह मात्र सुटला नाही. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानिएलच्या पुस्तकातील २३०० दिवस म्हणजे वर्षे मानली आणि ती इ. स. पूर्व ४५७ पासून मोजली. त्याच्या चळवळीने अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. अनेकांनी उभी पिके कापली नाहीत. त्या दिवसाला इतिहासात ‘महानिराशा’ हेच नाव पडले. १९७० मध्ये हॅल लिंडसेच्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ने इस्रायलच्या स्थापनेपासून, म्हणजे १९४८ पासून, एका पिढीची सुमारे चाळीस वर्षे मोजण्याचा मार्ग सुचवला. १९८८ही सरले; पुस्तके खपतच राहिली. मार्क नॉल या इव्हँजेलिकल इतिहासकाराने १९९४ मध्ये आपल्याच पंथाच्या बौद्धिक दुरवस्थेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा वर्तमानपत्रातील बातम्यांवर बायबलमधील भाकिते चिकटवण्याच्या या सवयीवरही त्याने बोट ठेवले.

कटकारस्थानांच्या कथा याच मातीत रुजतात. दुकानातील वस्तूंवरील बारकोडमध्ये ६६६ दडला आहे, ही त्यांपैकी एक. कडेच्या आणि मधल्या रेषाजोड्या सहाच्या चिन्हासारख्या दिसतात हे खरे. पण संकेताचा आरंभ, मध्य व शेवट यंत्राला कळावा एवढेच त्यांचे काम. अंक म्हणून त्या वाचल्याच जात नाहीत. त्याहून घातक होती सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्यांची भीती. आपण अशा टोळीचे पुरोहित होतो, असा दावा माइक वॉर्न्के यांनी १९७२ च्या ‘द सेटन सेलर’ या पुस्तकात केला आणि तो वीस वर्षे ख्रिस्ती सभांतून ऐकला गेला. १९९२ मध्ये तो खोडून काढला तो शिकागोच्या ‘कॉर्नरस्टोन’ या ख्रिस्ती नियतकालिकानेच. त्याच्या वार्ताहरांनी वॉर्न्के यांच्या महाविद्यालयीन काळातील मित्रमैत्रिणींना गाठले, छायाचित्रे मिळवली आणि वर्षावर्षाचा हिशेब मांडला. त्यात टोळीला जागाच उरली नाही.

अलीकडचे मोठे उदाहरण हॅरॉल्ड कॅम्पिंग यांचे. कॅलिफोर्नियातील ‘फॅमिली रेडिओ’वरून त्यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, त्यांचे १९९४ चे भाकीत आधीच फसले होते. जागोजागी फलक लागले, काही श्रोत्यांनी आयुष्याची पुंजी प्रचाराला दिली. दिवस टळल्यावर २१ ऑक्टोबर ठरला, तोही टळला. मार्च २०१२ मध्ये कॅम्पिंग यांनी श्रोत्यांना पत्र लिहून तारीख सांगणे हे पाप असल्याची कबुली दिली. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही हे वचन दाखवणारे टीकाकारच बरोबर होते, असेही त्यांनी त्यात मान्य केले. डिसेंबर २०१३ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.