काळ्या बेसचा खर्ज

बेस गिटारमधला ‘बेस’ म्हणजे पाया, असे आपल्याकडे अनेकजण समजतात. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. पाया या अर्थाच्या ‘बेस’चे मूळ ग्रीक ‘बासिस’, म्हणजे पाऊल किंवा पाय टेकायची जागा. वाद्याचा ‘बेस’ निघाला उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘बासुस’पासून. त्याचा अर्थ बुटका, जाड, खालचा. इटालियनमध्ये त्याचे ‘बास्सो’ झाले. त्याच्या प्रभावाने इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘एस’ आले, उच्चार मात्र जुनाच राहिला.

जाड आणि खालचा, हे दोन्ही अर्थ या वाद्याला चपखल बसतात. त्याची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झला बोलते, साध्या गिटारच्या जाड तारेहून बरोबर एक सप्तक खाली. अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडर याने १९५१ साली आणलेल्या बेसचे नाव होते ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. उभ्या डबल बेसला पडदे नसतात. तिथे सूर बोटाच्या अंदाजाने शोधावा लागतो. फेंडरच्या बेसवर पडदे होते, म्हणून सूर नेमका सापडू लागला. ते नाव त्या पडद्यांचे आहे.

काळ्या बेसची ओढ मला लावली ती कॅनडाच्या ‘रश’ बँडचा बेसवादक गेडी ली याने. त्याचा १९७२चा काळा ‘जॅझ बेस’ (हे फेंडरचेच दुसरे मॉडेल) अमेरिकेतल्या कॅलमझू गावी गहाणवटीच्या दुकानात मिळालेला. १९८१च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मध्ये तो ऐकावा: सूर खालचा, तरी धारदार. तारांची कंपने टिपणारा घोडीजवळचा पिकअप ती धार देतो. रंगाने नाद बदलत नाही, हे खरेच. पण आपल्या गायकांच्या तोंडी ‘काळी’ हा स्वराचाच शब्द आहे. पेटीच्या पट्ट्यांवरून ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ असा सूर सांगतात. त्या हिशेबाने बेसच्या मोकळ्या तारा जाडीकडून पांढरी तीन, सहा, दोन, पाच. काळ्यांसाठी बोट टेकवावेच लागते.

आणि खालच्या सुराला आपल्याकडे शब्द आहे ‘खर्ज’. तो ‘षड्ज’चाच अपभ्रंश, उत्तरेत ‘ष’चा ‘ख’ होतो. षड्ज म्हणजे सहा स्थानांतून उपजलेला. उरलेल्या सहा स्वरांना जन्म देणारा, अशीही त्याची फोड करतात. लॅटिन शब्द सुराची उंची सांगतो, आपला शब्द त्याचे काम सांगतो. बेसवादक नेमके तेच करतो: मूळ सूर धरतो आणि गाण्यातला प्रत्येक स्वर त्याच्या नात्याने अर्थ मिळवतो. ‘बेस’ला पाया समजणारा श्रोता व्युत्पत्तीत चुकतो, संगीतात चुकत नाही. म्हणून बेसवादकाला मराठीत काय म्हणावे, असे कुणी विचारले, तर मी ‘खर्जवादक’ हाच शब्द सुचवीन.