बाबुरावांच्या फौजेतले रोहिले

बाबुराव शेडमाके यांचे नाव चंद्रपूर-गडचिरोलीत सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या फौजेत गोंडांबरोबर रोहिलेही होते, हे मात्र आपल्या मुलांनाही सांगावे लागते.

कोरियात अशा फौजेला 'यीब्योंग' म्हणतात, म्हणजे न्यायासाठी उभी राहिलेली सेना. १५९२ साली जपानी सैन्य उतरले, राजा राजधानी सोडून उत्तरेकडे गेला, तेव्हा ग्वाक जे-ऊ या विद्वानाने आपल्या गावाकडची माणसे जमवली. पुढे बौद्ध भिक्खूही लढले. (कोरियन मालिका पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना हे सांगायला फार वेळ लागत नाही!)

आपल्याकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला, त्याला चारच वर्षे झाली होती. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या पंचवीस वर्षांच्या या जमीनदाराने गोंड आणि रोहिले जमवून राजगड परगण्यावर हल्ला केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. तिसरा, पीटर, निसटून कॅप्टन क्रिक्टनकडे पोहोचला.

हे रोहिले कोण? मूळचे पठाण, शिपाईगिरीसाठी दक्षिणेत आलेले. निजामाच्या मुलखात त्यांचा मोठा वावर होता, आणि तो मुलूख बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की सुरू होई. राजुरा तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. इंग्रजी कागदांत रोहिला म्हणजे भाडोत्री लुटारू. पगारासाठी लढणारे त्यांत होतेच, ते मी नाकारत नाही. पण नुसता पैसाच हवा असता तर त्या वर्षी तो इंग्रजांकडे जास्त होता. जंगलात राहून, हरण्याची शक्यता दिसत असताना एका गोंड जमीनदाराच्या बाजूने उभे राहणे हा माझ्या मते निव्वळ पोटाचा व्यवहार नव्हता.

अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी बाबुरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्यांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले. १८६० मध्ये तिथल्या राजाने त्यांना धरून दिले, मग जन्मठेप आणि जमीनदारी जप्त. त्यातली ६७ गावे अहेरीला बक्षीस मिळाली.

गॅझेटियरमध्ये हे सारे आहे, तारखात्याच्या तिन्ही साहेबांच्या नावांसह. रोहिल्यांपैकी एकाचेही नाव मला त्यात सापडले नाही.