वाळूत रुतण्याची तयारी

खडतर वाटांवर चालणाऱ्या गाड्यांचा इतिहास सहसा यंत्राच्या वाढत्या ताकदीचा म्हणून सांगितला जातो. आधी इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळायचा, पुढे तो चारही चाकांना मिळू लागला, दुसऱ्या महायुद्धात जीप आली आणि माणसाला जाता येणार नाही अशी जमीनच उरली नाही, असे ते कथानक आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडेही ‘फोर व्हील’ हा शब्द जवळजवळ ‘कुठेही जाणारी गाडी’ या अर्थानेच वापरला जातो. पण जगातल्या सर्वांत अवघड वाळूचा, म्हणजे नाईलच्या पश्चिमेकडच्या लिबियन वाळवंटाचा इतिहास पाहिला तर हे कथानक उलटे करावे लागते. तिथे मोटारीला वाट मिळाली ती न रुतणारे यंत्र सापडले म्हणून नव्हे. गाडी रुतणारच, हे काही लोकांनी निघण्याआधीच मान्य केले आणि रुतलेली गाडी काढण्याची पद्धत बसवली, म्हणून ती मिळाली. ही गाडी होती दोन चाकांवर जोर असलेली साधी फोर्ड.

सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. 1916 पासून ब्रिटिशांच्या ‘लाइट कार पेट्रोल’ तुकड्या ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सनुसी पंथाच्या हालचालींवर पाळत ठेवण्यासाठी मॉडेल टी फोर्ड घेऊन पश्चिमेच्या वाळवंटात फिरत होत्या. वीस अश्वशक्तीची ही गाडी हलकी होती. वाळूत बसली तर चार माणसांनी खांदा लावला की निघायची. या तुकड्यांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जॉन बॉल या भूमापकाने बरेच नकाशे तयार केले. तरी मोठ्या टेकड्यांचा प्रदेश, ज्याला इंग्रजीत ‘ग्रेट सँड सी’ म्हणतात, तो त्यांच्या लेखी मोटारीच्या हद्दीपलीकडचा होता. उत्तर-दक्षिण पसरलेल्या त्या रांगा शेकडो किलोमीटर लांबीच्या. मोटारीने त्यांच्या कडेकडेने जावे, हाच तेव्हाचा शहाणपणा.

राल्फ बॅगनोल्ड 1926 मध्ये इजिप्तमध्ये आला तो ब्रिटिश सैन्यातला अधिकारी म्हणून. सुट्टी मिळाली की तो आणि त्याचे काही सहकारी स्वतःच्या खर्चाने वाळवंटात जात, आधी मॉडेल टी आणि मग मॉडेल ए फोर्ड घेऊन. त्यांनी गाड्यांचे मडगार्ड, बॉनेट, काच काढून टाकली, कारण वाळूत प्रत्येक किलो वजन शत्रू असतो. पण त्यांचे खरे शोध इंजिनात नव्हते. कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे बॅगनोल्डला सुमारे पाच फूट लांबीच्या, पन्हळीच्या आकाराच्या जाड पोलादी पट्ट्या मिळाल्या. महायुद्धात खंदकातल्या भुयारांवर छप्पर घालण्यासाठी त्या बनवल्या होत्या. गाडी रुतली की मागच्या चाकांपुढची वाळू हाताने उपसून उतार करायचा, पट्टीचे टोक टायरखाली सरकवायचे, चालकाने हळूच क्लच सोडायचा आणि बाकीच्यांनी ढकलायचे. पाच फुटांत गाडीला जी काही गती मिळेल तेवढ्यावर ती पुढे काढायची आणि घट्ट जमीन येईपर्यंत थांबायचे नाही. मागे राहिलेल्यांनी तापलेल्या पट्ट्या उचलून पायी तिला गाठायचे. वर्णन ऐकायला हास्यास्पद वाटते, पण यामागे नेमके निरीक्षण होते. कोरडी वाळू वजन बऱ्यापैकी पेलते, मात्र फिरत्या चाकाने तिच्यावर आडवा जोर लावला की कण निसटतात आणि चाक स्वतःचाच खड्डा खणते. म्हणून रुतलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबणे हा सर्वांत वाईट उपाय. टायरची हवा कमी करण्यामागेही हेच कारण. पसरलेला टायर जमिनीवर कमी दाब देतो आणि कण जागेवर राहतात. रेडिएटरमधली वाफ नळीने बाहेरच्या डब्यातल्या पाण्यात सोडून पाणी वाचवायची युक्तीही वापरात होती. ती एकट्या बॅगनोल्डची म्हणता येणार नाही, पेट्रोल तुकड्यांनाही ती ठाऊक होती. टेकड्यांचा वाऱ्याकडचा चढ दाबून बसलेला असतो आणि पाठीमागचा तीव्र उतार सैल, हे समजल्यावर 1930 मध्ये त्यांनी भरवेगात चढावर गाड्या घातल्या आणि वर पोहोचले. एकदा हे जमले की अडथळा मानलेला प्रदेश वाट झाला. 1932 च्या मोहिमेत ते सुदानच्या आतपर्यंत गेले, आणि पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने बॅगनोल्डला सुवर्णपदक दिले.

यावर सर्वांत सरळ आक्षेप फ्रेंच मोटार कंपनी सित्रोएनचा. 17 डिसेंबर 1922 रोजी अल्जीरियातल्या तुगूर्तहून निघालेल्या सित्रोएनच्या पाच गाड्या 7 जानेवारी 1923 ला टिंबक्टूला पोहोचल्या. मागे चाकांऐवजी केग्रेस पद्धतीचे रबरी पट्टे असल्यामुळे त्या वाळूवर तरंगत. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम केलेल्या आदोल्फ केग्रेसची ही रचना होती. इजिप्तचे राजपुत्र केमाल एल-दिन यांनीही तशाच गाड्या घेऊन गिल्फ केबीरचे पठार जगाच्या नकाशावर आणले. म्हणजे न रुतणारे यंत्र होते आणि ते यशस्वी झाले होते. हा पुरावा नाकारण्याचे कारण नाही, पण त्याची किंमत मोजली पाहिजे. सित्रोएनच्या मोहिमेसाठी वाटेत इंधनाचे साठे आधीच पाठवावे लागले होते. तिच्यामागे एका कारखान्याची जाहिरातीची गरज होती, तर दुसऱ्या बाजूला एका राजपुत्राची संपत्ती. पट्टे चालताना झिजतात, गती कमी असते, पेट्रोल जास्त लागते. कोणीही बाजारातून गाडी विकत घ्यावी आणि महिन्याच्या पगारावर वाळवंट ओलांडावे, ही शक्यता पोलादी पट्टीने आणि फावड्याने निर्माण केली.

दुसरा आक्षेप युद्धाचा आहे आणि तो अधिक वजनदार. जून 1940 मध्ये इटलीने युद्धात उडी घेतल्यावर बॅगनोल्डने मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश सैन्याचा सेनापती जनरल वेव्हेल याला वाळवंटात खोलवर शिरणाऱ्या तुकडीची कल्पना सांगितली आणि अवघ्या काही आठवड्यांत ती उभी केली. हीच पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून ओळखली गेली. तिच्यात सुरुवातीला न्यूझीलंडचे सैनिक होते. गाड्या शेव्हरोलेचे दीड टनी ट्रक, काही बाजारातून घेतलेले, काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणलेले, आणि त्या सगळ्यांत जोर फक्त मागच्या चाकांना. 1941 मध्ये ते ट्रक झिजल्यावर त्यांच्या जागी चारही चाकांवर जोर असलेले फोर्ड आले. कागदावर ही स्पष्ट सुधारणा होती. प्रत्यक्षात फोर्ड जड होते, पेट्रोल फार पीत, आणि शेकडो किलोमीटर पंप नसलेल्या मुलुखात प्रत्येक लिटर पेट्रोल म्हणजे कमी झालेले पाणी, अन्न किंवा दारूगोळा. 1942 मध्ये ग्रुपला पुन्हा शेव्हरोले मिळाले, पुन्हा दोन चाकांचेच. हा माझ्या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण इथे निवड हौशी प्रवाशांची नव्हती. चूक झाली तर जीव जाणार होता. त्यानंतर ग्रुपने जीप वापरल्या आणि त्या उपयोगी पडल्या, हे खरे. जीपने रुतण्याचे प्रसंग नक्कीच कमी केले. पण पट्ट्या आणि फावडी कोणी मागे टाकली नाहीत. चारही चाकांचा जोर माणसाला पुढच्या मऊ जागेपर्यंत नेतो. तिथे रुतणे मात्र आणखी खोलवर असते, आणि मदत आणखी दूर.

एक आक्षेप नैतिकही आहे, आणि तो टाळता येत नाही. हे वाळवंट ‘मृत’ आणि ‘अज्ञात’ होते असे युरोपियनांनी लिहिले. बॅगनोल्डच्या 1935 च्या प्रवासग्रंथाच्या उपशीर्षकातच ‘मृत जग’ असा उल्लेख आहे. पण बेदुइन आणि तेबू लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरत होते, आणि कुठली वाळू उंटाचे ओझे पेलते हे त्यांना कळत होते. शोधाचे श्रेय इंग्रज अधिकाऱ्यांना देणे ही वसाहतीच्या काळातली सवय आहे. हे मी मान्य करतो. तरी यामुळे मुद्दा खोटा ठरत नाही. उंटवाल्यांचे ज्ञान हे मुळात जमीन ओळखण्याचे ज्ञान होते, जनावराच्या ताकदीवरच्या भरवशाचे नव्हे. मोटारवाल्यांनी तेच उशिरा, वेगळ्या साधनांनी आणि बऱ्याच गाजावाजाने शिकून घेतले.

आजही कोकणातल्या किनाऱ्यांवर दर हंगामात गाड्या ओल्या वाळूत अडकतात, त्यात चारही चाकांवर जोर असलेल्या गाड्या कमी नसतात. भरती चढत असताना चालक ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि शेवटी गावातला ट्रॅक्टर येऊन टोचन लावतो. 2024 च्या अखेरीस रेवदंड्याला एक फेरारी बैलगाडीला बांधून ओढावी लागली. तिच्या चाकांनी नेमके तेच केले असणार, जे बॅगनोल्डच्या फोर्डची चाके करत. फरक एवढाच की त्याच्याकडे पट्ट्या होत्या.

बॅगनोल्डने वाळूच्या या वागण्यावर पुढे प्रयोग केले आणि 1941 मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मंगळावरच्या वाळूच्या अभ्यासालाही त्याचा आधार घेतला जातो. योगायोग असा की यंत्राच्या ताकदीवरच्या विश्वासाची शेवटची कसोटीही मंगळावरच लागली. नासाच्या ‘स्पिरिट’ गाडीला सहा चाके होती आणि सहाही चाकांना स्वतंत्र मोटर. त्यांतले एक 2006 पासून बंद होते. 2009 मध्ये ती मऊ मातीत अडकली. पृथ्वीवर तशीच माती भरून, तशीच गाडी उभी करून अभियंत्यांनी महिनोन्‌महिने वेगवेगळ्या युक्त्या करून पाहिल्या. जानेवारी 2010 मध्ये नासाने ती आता हलणार नाही असे जाहीर केले. वाळू उपसायला आणि चाकाखाली काहीतरी सरकवायला तिथे कोणी नव्हते. 2015 मध्ये नासाचीच मंगळावरची दुसरी गाडी ‘क्युरिऑसिटी’ ज्या वाळूच्या टेकड्यांजवळ पोहोचली, त्यांना बॅगनोल्ड असेच नाव दिलेले आहे. तिने तिथे मापे घेतली आणि चाकाने थोडी वाळू खरवडून पाहिली, पण टेकडी ओलांडायचा प्रयत्न केला नाही.