ग्रामसभेच्या दारी विद्यापीठ : चंद्रपूर-गडचिरोलीची गोष्ट

२ ऑक्टोबर २०११ रोजी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठाचे काम सुरू झाले. त्यानंतर तेवीस दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, चंद्रपूरच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. एकाच वनप्रदेशात, एकाच महिन्यात एक विद्यापीठ आणि एक महापालिका उभी राहावी, हा योगायोगच. या विद्यापीठाची घट्ट सोयरीक मात्र जुळली ती ग्रामसभांशी.

विद्यापीठ आणि नगरशासन यांनी मिळून वस्तीचा विकास आखावा, ही कल्पना आशियात आता बरीच रुजली आहे. जपानमध्ये काशिवा शहराच्या एका नव्या उपनगरासाठी टोकियो विद्यापीठ, चिबा विद्यापीठ, नगरपालिका आणि जमीन विकसित करणारी कंपनी यांनी २००६ साली एक सामायिक नगररचना केंद्र उघडले. अशा ठिकाणी शहर मोठे असते, पालिकेकडे पैसा असतो आणि विद्यापीठाला दीर्घ परंपरा असते. चंद्रपूर-गडचिरोलीत यांपैकी काहीच नव्हते. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती आणि शंभरातली जेमतेम अकरा माणसे शहरी वस्तीत राहत होती. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. अशा मुलखात स्थानिक शासन म्हणजे आधी गाव, आणि गावाचा प्रश्न म्हणजे आधी जंगल.

चंद्रपूर शहर मात्र जुने. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने इरई आणि झरपट नद्यांच्या काठी वसवलेल्या या राजधानीला परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे आजही शहराच्या बोलण्यात रोज येतात. रामाळा तलाव, खंदक, दरवाजे आणि पुराच्या पाण्यापासून वस्तीला राखणारी भिंत पाहिली की आखणीचे ज्ञान इथे होते, हे उघड दिसते. ते कोणत्याही पाठशाळेत शिकवले जात नव्हते, इतकेच. जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानपट्ट्यातही तेच. तिथले तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. पाणी कुठून येईल, पाळ कुठे घालायची आणि सांडवा कुठे काढायचा, याचा त्यांचा अंदाज पिढ्यांनी कमावलेला.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांकडे गेले आणि या ज्ञानाची पहिल्यांदा कागदावर नोंद होऊ लागली. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा. त्यात गोंड राजांच्या वंशावळीपासून तलाव-पिकांपर्यंत बरेच काही आहे, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासकाराला त्या अहवालाच्या दारी जावे लागले. पण त्याचा हेतू सारा ठरवण्याचा होता. गावाने माहिती द्यायची, साहेबाने लिहायची आणि निर्णय नागपुरात व्हायचा, अशी ही वाटणी होती. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ माणसे बदलली, वाटणी तशीच राहिली.

विद्येने नगरशासनाला सल्ला द्यावा, ही रीत मध्य भारतात आणली ती पॅट्रिक गेडिस यांनी. १९१४ मध्ये भारतात आलेल्या या स्कॉटिश विद्वानाने अनेक शहरांचे अहवाल लिहिले; त्यांत नागपूरही होते. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा ते त्याचे प्रमुख झाले. पुढे पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. शहराच्या घराघरात जाऊन केलेली अशी पाहणी महाराष्ट्रात आदर्श ठरली. चांद्यापर्यंत मात्र या वाऱ्याची झुळूक फारशी आली नाही.

याचे साधे कारण अंतर. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ या भागाचे विद्यापीठ होते. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून थोडे अधिक, आणि गोदावरीकाठच्या सिरोंच्याहून साडेतीनशेच्या वर. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की दक्षिणेकडचे तालुके जिल्ह्याच्या ठिकाणापासूनही तुटत. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायला विद्यार्थ्याचे दोन-तीन दिवस मोडायचे. २००५ मध्ये या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिले गेले. ज्या संताने अख्खी ग्रामगीता लिहून गावाला विकासाचे केंद्र मानले, त्याच्या नावाचे विद्यापीठ गडचिरोलीतल्या भामरागडच्या गावाला परमुलखासारखेच राहावे, यात थोडा विरोधाभास आहेच. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगावी भरत. रस्ता दुरुस्त होई, शोषखड्डे खणले जात, सांस्कृतिक कार्यक्रम होई आणि शेवटच्या दिवशी पोरे परत जात. गावाला काय विचारायचे आहे, हे ऐकण्याची सोय त्या शिबिरात नव्हती.

ती सोय गावांनी स्वतः केली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि लगेच इंचमपल्ली व भोपालपटनम या धरणांचा प्रश्न उभा राहिला. १९८४ च्या सुमारास लालश्याम शहा आणि बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. धरणे थांबली. आंदोलनातून परत आलेल्या गावांपैकी धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव पुढे सगळ्यांना माहीत झाले. देवाजी तोफा गावचे, तर मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले ‘वृक्षमित्र’ संस्थेचे कार्यकर्ते. दोघांनी आणि गावाने मिळून जी रीत बसवली, तिचे दोन पाय होते : ग्रामसभा आणि अभ्यासगट.

ही विभागणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. अभ्यासगटात कोणीही बसावे. गावकरी, वनरक्षक, प्राध्यापक, पत्रकार असे ज्याला विषय कळतो तो. तिथे कायदा वाचायचा, शंका काढायच्या, आकडे तपासायचे. ठराव मात्र करायचा नाही. ठराव ग्रामसभेचा, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेला जाई. बाहेरच्या तज्ज्ञाला या रचनेत मान होता, मत मांडण्याची मुभा होती, पण सत्ता नव्हती. ल्युसी स्मिथच्या काळापासून चालत आलेली वाटणी इथे उलटी झाली.

अभ्यासगटाचे काम पुस्तकी नव्हते. मधासाठी आग्या मोहोळ जाळण्याची जुनी पद्धत सोडून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत आली. नदीत विष टाकून मासे मारणे बंद झाले. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीवर गावाने हरकत घेतली, ती हिशेब मांडून. पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेने २००१ मध्ये या गावावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक २०१२ चे. तोवर वनहक्क कायदा (२००६) येऊन मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. बांबू हे गौण वनोपज आहे असे कायद्यात लिहिलेले असूनही वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर वनखाते अडून बसले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. विद्यापीठ सुरू व्हायला तेव्हा पाच महिने बाकी होते.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने पुढची वाट दाखवली. २०१२ मध्ये या गावाला हजार हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळाला. गावाने स्वतः नियम लिहून काढले आणि तेंदूची पाने तोडणेच बंद केले. नव्या पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, आणि तेंदूचे फळ हाती लागत नाही, हा त्यांचा हिशेब. बांबूवर गाव चालू लागले. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावावर आवर्जून लिहिले.

मग हक्क मिळालेल्या गावांची संख्या वाढत गेली. एकट्या गडचिरोलीत ती हजाराच्या पुढे गेली आणि एक नवीच अडचण उभी राहिली. मेंढ्याला तीस वर्षे मिळाली होती; बाकीच्यांना एका उन्हाळ्यात सगळे शिकायचे होते. तेंदूचा लिलाव पुकारायचा, ठेकेदाराशी करारनामा करायचा, फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, सत्तर पानांचा पुडा मोजून घ्यायचा, हजार पुड्यांच्या प्रमाण गोणीमागे दर ठरवायचा, मजुरी बँकेतून वाटायची, पॅन काढायचा, लेखापरीक्षण करून घ्यायचे, शिवाय कायद्याप्रमाणे जंगलाचा व्यवस्थापन आराखडा लिहायचा. लाखोंची उलाढाल आणि हिशेबनीस बारावी नापास, अशी स्थिती पुष्कळ गावांत होती. विद्यापीठाचे काम नेमके इथे होते.

गोंडवाना विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळे काढून २७ सप्टेंबर २०११ च्या अधिसूचनेने स्थापन झाले. दोन्ही जिल्ह्यांतली दोनशेच्या आसपास महाविद्यालये त्याच्याकडे आली. मुख्यालय गडचिरोलीत, आणि महाविद्यालये जास्त चंद्रपूर जिल्ह्यात. सुरुवातीची वर्षे परीक्षा, निकाल, इमारती आणि जागा यांत गेली, आणि त्यात नवल नाही. नंतर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र निघाले. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. वनोपजावर जगणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडेल असे तंत्र शोधणे आणि शिकवणे, हे त्याचे काम. जिल्हा प्रशासनाच्या मदतीने ग्रामसभांच्या प्रशिक्षणाचा ‘एकल’ हा उपक्रम सुरू झाला. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या योजनेत पदवीचे वर्गच गावात नेले गेले, बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या आणि आता शेती-मजुरी करणाऱ्या माणसांसाठी, त्यांच्या सोयीच्या वेळी.

सोयीची वेळ हा शब्द इथे वरवरचा नाही. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात, ती वेचायला भल्या पहाटे जावे लागते. मे महिन्यात तेंदू. पावसाळ्यात धानाची रोवणी. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा बरोबर मोह-तेंदूच्या हंगामात येतात. ज्या आठवड्यांत घरात वर्षाची रोकड येते, त्याच आठवड्यांत पेपर. वर्ग गावात गेले तरी वेळापत्रक जंगलाचे झाले नाही, आणि विद्यापीठ-ग्रामसभा संबंधातली ही सर्वांत अवघड गाठ आहे. दुसरी गाठ भाषेची. सभा गोंडी किंवा माडियात चालते, आराखडा मराठीत लिहायचा, आणि त्याचा तांत्रिक नमुना इंग्रजीतून आलेला.

चंद्रपूर शहराची कथा निराळी. कोळसा, सिमेंट आणि २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र यांनी शहराला काम दिले आणि धूरही दिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढीच त्याच्या पुढे होती. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात शहराचा समावेश झाला, आणि या कार्यक्रमाच्या रचनेतच शहरांना नामांकित शिक्षण-संशोधन संस्थांशी जोडून देण्याची तरतूद होती. महाराष्ट्रात ते काम नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि मुंबईची आयआयटी यांच्याकडे गेले. हवेतली धूळ रस्त्याची किती, कोळशाची किती, चुलीची किती, याचा हिशेब बाहेरच्या प्रयोगशाळेत होऊ लागला. शास्त्र म्हणून ते योग्यच. इतकी उपकरणे जिल्ह्यात नव्हती. पण मेंढ्यात जसा अभ्यासगट होता, तसा वॉर्डात नव्हता. अहवाल पालिकेकडे येतो, नागरिकाला तो वर्तमानपत्रातल्या बातमीतून कळतो. परकोटाच्या सफाईला मात्र लोक स्वतः उतरले. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून भिंतीवरची झाडेझुडपे आणि कचरा काढण्याचे काम हाती घेतले. त्यात विद्यापीठ नव्हते आणि पुढाकार पालिकेचाही नव्हता.

विद्यापीठाच्या भागीदारांत आता उद्योगही आला आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले, कोनसरीत कारखाना उभा राहू लागला आणि खाणकाम व धातुशास्त्र शिकलेली मुले हवी झाली. २०२५ मध्ये गोंडवाना विद्यापीठ, ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठ आणि लॉइड्स मेटल्स ही खाणकंपनी यांच्यात करार होऊन गडचिरोलीत तंत्रशिक्षणाची नवी संस्था काढण्याचे ठरले. सूरजागडच्या खाणीला त्या भागातल्या ग्रामसभांनी पूर्वीपासून विरोध केलेला आहे. एकाच विद्यापीठाच्या एका दालनात जंगल राखण्याचे आराखडे शिकवले जातात, आणि त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या करारातून डोंगर खणण्याचे शिक्षण मिळणार आहे.